जुंपणीआधीचा फोटो

पहिल्यांदा फाइल उघडायला घेतली तेव्हा संगणकाने बराच वेळ विचार केला, आतला पंखा जोरात फिरवला आणि शेवटी एक पांढरी चौकट समोर आणली. हे चित्र उघडायला पुरेशी मेमरी नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि खाली 'ओके' एवढं एकच बटण. स्वतः नाही म्हणायचं आणि आपल्याकडून मात्र 'ओके' वदवून घ्यायचं, ही या यंत्रांची जुनी खोड आहे. मी बटण दाबलं. मागच्या खुर्चीत माझा धाकटा दीर बसला होता. त्याने विचारलं, "काय म्हनतंय, वैनी?"

"मेमरी कमी पडतेय म्हणतंय."

"म्हंजी फोटू हाय, पर दाखवत न्हाई?"

"तसंच समजा, भाऊजी."

न बोलणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसा तो संगणकाकडे बघत राहिला.

आम्ही चिखलीत राहतो. सासर चाकणच्या पुढे, राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावात. तिथे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, आणि हा दीर असे दोघंच असतात. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. पत्रा दाबून केलेले पार्ट समोर येतात, ते मी मोजते आणि पास किंवा रिजेक्ट असं लिहिते. पार्ट असा का झाला, कोणामुळे झाला, हे विचारणं माझ्या कामात बसत नाही. कंपनीत दिवसभर संगणकासमोर असते म्हणून सासरच्यांची समजूत अशी, की त्यातलं मला सगळं कळतं. घरचा संगणक मुलीची शाळा ऑनलाइन होती तेव्हा घेतलेला. ती पुढे होस्टेलवर गेली आणि तो तिच्या खोलीत धूळ खात राहिला. माझा नवरा तेव्हा मशीनच्या ट्रायलसाठी चेन्नईला होता. तो इथे असता तर फाइल उघडली असती असं नाही, पण सल्ले भरपूर मिळाले असते.

फोटो बैलाचा होता. दिराने खोंड असताना आणलेला, शर्यतीसाठी तयार केलेला बैल. त्याचं नाव आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना पाठ होतं. इथे मी माणसांची नावं लिहीत नाही, तर त्याचंही लिहीत नाही. दीर चाकणला कंपनीत शिफ्ट करायचा आणि उरलेला सगळा वेळ बैलाला द्यायचा. खुराक, मालीश, फिरवणं यात आबाही बरोबरीने असायचे. बाप-लेकांचं एरवी बोलणं बेताचं. बैलावरून मात्र ते तासन्‌तास बोलत. एकदा सणाला गेले होते तेव्हा मी जेवणाची ताटं वाढून बसले आणि हे दोघं गोठ्यात बैलाच्या खुराला तेल लावत उभे. मला राग आला होता, आणि थोडा हेवाही वाटला होता.

गावच्या यात्रेला शर्यत होती. आमच्याकडे शर्यतीच्या चढणीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि गाडा एकदा पळाला की ती एक बारी. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी झाली, बैल धडधाकट ठरला. आबा त्याला टेम्पोतून घाटावर घेऊन गेले. दीर पहिली शिफ्ट करून कंपनीतून थेट तिथे पोहोचला, तेव्हा स्पीकरवर त्यांच्या बारीचा पुकारा सुरू होता. घाईघाईने गाडा जुंपला. बैल पळाला, शेवटची रेघ ओलांडली आणि पुढे जाऊन बसला, तो धड उठलाच नाही. पुढच्या उजव्या पायाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, इंजेक्शनं दिली. बैल त्यातून वाचला नाही.

हाडाला आधीपासून चीर असू शकते, असं डॉक्टर जाता जाता म्हणून गेले. तेवढं पुरलं. बैल गेला त्या दिवशी अंगणात निम्मं गाव जमलं होतं. आबा सगळ्यांसमोर दिराला म्हणाले, "लंगडं जनावर पळवलंस तू. तू मारलंस त्याला." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यानंतर आबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. एका घरात, एका चुलीवर दोघं असे राहत होते.

बैलाचा दशक्रिया विधी म्हटलं की माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी हसतात. आमच्याकडे त्यात हसण्यासारखं काही नाही. शर्यतीचा बैल गेला की नदीकाठी मंडप पडतो, प्रवचन होतं, जेवण होतं, आणि प्रवेशाशी फ्लेक्स लागतो. त्यावर बैलाचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली शोकाकुल मित्रमंडळाचे गॉगल लावलेले चेहरे. दीर माझ्याकडे आला तो फ्लेक्ससाठी फोटो करून द्या म्हणून. पण ते निमित्त होतं. त्याला स्वतःला तो फोटो बघायचा होता, आणि हे त्याने पहिल्याच संध्याकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं.

"मी पायाकडं बघितलंच न्हाई वैनी, हे खरं हाय. घाई हुती. पर लंगडत असता तर मला कळलं नसतं का?"

हा प्रश्न त्याने गावात प्रत्येकाला विचारला होता. काहीजण कळलं असतं म्हणाले, काहीजणांनी विषय बदलला. आता त्याला माणसांचं मत नको होतं. त्याला तो पाय बघायचा होता.

फोटो काढणारा हिंजवडीच्या एका कंपनीतला मुलगा. सुट्टीच्या दिवशी यात्रांमधून भारी कॅमेरा घेऊन हिंडायचा. त्या दिवशी समोरच्या टेकडीवरून त्याने अख्ख्या घाटाचे तुकड्या-तुकड्याने बरेच फोटो काढले आणि ते जोडून एकच अजस्र फोटो केला. नेमका त्या क्षणाचा, जेव्हा दिराचा गाडा जुंपायला उभा होता. त्याची छोटी प्रत गावातल्या ग्रुपवर फिरली होती. तीत बैल ज्वारीच्या दाण्याएवढा दिसायचा, आणि बोटांनी मोठा करायला जावं तर तांबूस धुकं व्हायचं. दिराने त्या मुलाला फोन केला. तो कामानिमित्त परदेशी पोहोचला होता. मूळ फाइलची लिंक त्याने पाठवली आणि सांगितलं, "दादा, फाइल फार हेवी आहे. चांगलं मशीन लागेल. माझ्याकडेही आत्ता तसलं नाही."

मी म्हटलं, फ्लेक्सवाल्याकडे चांगलं मशीन असतं, त्याच्याकडून उघडून घेऊ. दीर एकदम ताठ झाला. फ्लेक्सचं दुकान चौकात, तिथे गावातली सगळी पोरं बसलेली असतात. फोटोत बैलाचा पाय दुखून उचललेला निघाला तर संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या खेड तालुक्यात बातमी. कंपनीतल्या संगणकाचा विचार मी केला होता, पण तिथे पेन ड्राइव्ह लावायची सोयच बंद करून ठेवलेली असते. राहिला आमचा मुलीच्या खोलीतला डबा.

मग मी जे सगळे करतात ते केलं. इतर सगळे प्रोग्रॅम बंद केले. संगणक बंद करून चालू केला. इंटरनेटवर हीच अडचण आलेल्या लोकांचे सल्ले वाचले. त्यातले निम्मे एकमेकांच्या विरुद्ध होते. अमेरिकेतला कोणी म्हणतो आम्हीही वैतागलो आहोत, आणि खाली कोणी लिहितो, माझं आपोआप बरं झालं. आपोआप बरं झालं म्हणणाऱ्यांचा मला कायमच संताप येतो. प्रत्येक वेळी फाइल उघडायला लावायची, पंखा घोंघावायचा, निळी पट्टी अर्ध्यापर्यंत जायची आणि ती चौकट यायची. दीर रोज शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून चिखलीला यायचा, त्या पट्टीकडे बघत बसायचा आणि चौकट आली की उठून गॅलरीत जायचा.

आबांचाही मला रोज फोन यायचा. ते मोबाइलवर कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत.

"उघाडला का गं फोटू?"

"नाही आबा, अजून नाही."

"बरं," एवढं म्हणून ते फोन ठेवायचे. मला वाटायचं, त्यांना घाई झाली आहे. लेकाच्या गुन्ह्याचा पुरावा हातात यावा म्हणून एवढी चौकशी चालली आहे. मला त्यांचा राग यायचा, पण सासऱ्यांवर रागावायचं म्हणजे मनातल्या मनातच.

एका संध्याकाळी मी कामावरून आले, तर दीर आधीच येऊन संगणकासमोर बसला होता. किल्ली शेजारच्यांकडे असते. त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी जरा उजळलेला दिसला.

"वैनी, जागा करून दिली त्याला. आता बगा उघडतोय का."

मी विचारलं, कसली जागा? त्याने सांगितलं. त्याचा मोबाइल भरला की तो त्यातले व्हिडिओ आमच्या संगणकावर आणून ठेवायचा. बैलाचे व्हिडिओ. खोंड असताना पहिल्यांदा दोरीला झटका दिला तो, पाऊस पडत असताना गोठ्यात चारा खातानाचे, आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवतानाचे. वर्षानुवर्षांचे. मेमरी कमी पडतेय असं मी म्हणत होते, म्हणून त्याने ते सगळे पुसून टाकले होते. संगणकातल्या कचऱ्याच्या डब्यातही ते जागा अडवतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तो डबाही रिकामा केला होता.

मी खुर्चीवर बसले. मला रडू आलं नाही, चीड आली. त्याच्यावर, माझ्यावर नाही. मग ती चीड ओसरली आणि वाईट वाटायला लागलं, ते अजून वाटतं. त्याला समजावताना मी म्हटलं, "भाऊजी, घरात माळा असतो आणि ओटा असतो. तुम्ही माळा रिकामा केलात. या संगणकाला ओटा लहान पडतोय. माळ्यावर कितीही जागा केली तरी कणीक ओट्यावरच मळावी लागते."

त्याला लगेच समजलं. हुशार आहे तो. "म्हंजी ती पुसायची गरज नव्हती," तो म्हणाला. पुसलेलं परत आणणारे प्रोग्रॅम असतात, मी एक आणून चालवून बघितला. हाताला लागले ते तुटके तुकडे. चित्र नाही, नुसता घंटेचा आणि कोणीतरी शीळ घालत असल्याचा आवाज. गावातल्या पोरांकडे शर्यतींची रील्स होती, ती राहिली. गोठ्यातली गेली.

इतकं सगळं झाल्यावर माघार घ्यायला नको म्हणून मी नेटाने लागले. संगणकात एक सोय असते, ओटा अपुरा पडला तर माळ्याचा थोडा भाग ओट्यासारखा वापरायची. ती मी वाढवली. व्हिडिओ गेल्यामुळे त्यासाठी जागा झाली होती, हेही खरं. गुरुवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी फाइल लावली आणि निळी पट्टी कधी नव्हे ती शेवटाकडे सरकायला लागली. दीर खुर्ची पुढे ओढून बसला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं. ती गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला आणि त्यात आमचे दोघांचे चेहरे दिसायला लागले. दीर हसायला लागला. मग मीही हसले. बैल गेल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

वीज आल्यावर मी संगणकाचा डबा पिशवीत घालून चिखलीतल्याच एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडला, आतली धूळ फुंकून काढली आणि मेमरीची आणखी एक पट्टी बसवली. ओटा मोठा झाला. मी घरी येऊन फाइल लावली. तीच चौकट, तेच वाक्य. मला तो डबा खिडकीतून खाली टाकावासा वाटला. दुकानदाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, फोटो कशात उघडताय?" तेव्हा घोळ कळला. फोटो बघायचा आमचा प्रोग्रॅम फार जुना होता. ओटा कितीही लांबरुंद द्या, तो आपला एका कोपऱ्यातच पोळपाट मांडून बसणार. मोठ्या फोटोंसाठी दुसरे प्रोग्रॅम असतात. ते सगळा फोटो एकदम उघडत नाहीत. जेवढा भाग बघायचा तेवढाच आणतात. तसा एक फुकटातला मिळाला.

शुक्रवारी संध्याकाळी दीर आला. मी त्याला समोर बसवलं आणि फाइल लावली. निळी पट्टी वगैरे काही आली नाही. पडद्यावर घाट आला. पूर्ण घाट, टेकडी, छत्र्या, उसाच्या रसाचे गाडे, झाडांवर चढलेली माणसं. मी खालच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकवत नेलं आणि मोठं केलं. धुकं झालं नाही. शिंगांना बांधलेले गोंडे दिसले, गुलाल दिसला, बैलाच्या पापणीवरची माशी दिसली. मी कामावर जशी बघते तशीच बघत होते. आधी एकंदर आकार, मग कडा, मग दोष.

पुढचा उजवा पाय टेकलेला नव्हता. खुराचं टोक तेवढं मातीला लागलेलं होतं आणि गुडघा वाकलेला होता. त्यात शंकेला जागा नव्हती.

दीर त्या वेळी कुठे होता तेही दिसत होतं. गाड्याच्या पलीकडच्या बाजूला, कंपनीच्या निळ्या गणवेशातच, पाठमोरा, वाकून दोर आवळत होता. त्याच्या आणि त्या पायामध्ये जोडीचा दुसरा बैल होता. त्याला तो पाय दिसणंच शक्य नव्हतं.

बैलाचा दोर आबांच्या हातात होता. जबड्याखाली आवळून धरलेली मूठ, मनगटात चांदीचं कडं. आबा बैलाच्या तोंडाकडे बघत नव्हते, गर्दीकडेही बघत नव्हते. मान खाली घालून ते त्या उचललेल्या पायाकडे बघत होते.

मी माउसवरचा हात काढून घेतला. रोजच्या त्या फोनवर आबा "बरं" का म्हणत होते, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांना पुराव्याची घाई नव्हती. तो उघडत नाही हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं.

दीर पडद्याच्या अगदी जवळ गेला. त्याने आधी पाय बघितला, मग आबांचा चेहरा. किती वेळ बघितला मला माहीत नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान फोन लावेल. अंगणात निम्म्या गावासमोर ऐकून घेतलेलं सगळं त्याला आता फेडता आलं असतं. तो मागे टेकला आणि म्हणाला, "वैनी, डोकं तेवढं घ्या फ्लेक्सला. बाकी काय नको."

"आणि हे?"

"हे कुनाला दाखवू नका. पुसून टाका."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आबांचाच. मी स्पीकर चालू केला.

"उघाडला का गं?"

मी दिराकडे बघितलं. त्याने पुढे वाकून फोनच्या जवळ तोंड नेलं आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "न्हाई उघाडला, आबा. आता उघडायचा बी न्हाई. ऱ्हाऊ द्या."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. "बरं"सुद्धा नाही. मग फोन बंद झाला.

तो गेल्यावर मी फोटोतून डोकं कापून घेतलं. मूठ जबड्याला चिकटूनच होती. तिच्यासकट डोकं घेतलं तरच जबडा नीट येत होता, हे खरं. ती नंतर पुसून तिथे कातडीचा रंग भरता आला असता, हेही खरं, आणि ते काम मला येतं. मी ते केलं नाही. समोर आलेला पार्ट जसा आहे तसाच पुढे पाठवायचा, त्याला हात लावायचा नाही, ही इतक्या वर्षांची सवय म्हणा, नाहीतर मुद्दाम केलं म्हणा. आबांनी दिराला एकट्याला गावाला तोंड द्यायला लावलं होतं आणि मला त्याचा राग होता. दिराने फ्लेक्सवाल्याकडे नेण्याआधी तुकडा बघितला. त्याला मूठ दिसली असणार. त्याने तो तसाच नेला. गर्दीत कोणाला एका मुठीवरून काय कळणार, असं त्याने धरलं असेल.

दशक्रिया नदीकाठी झाली. मंडप मोठा होता, लोकही पुष्कळ आले होते, पार देहूपासून गाडामालक आले होते. फ्लेक्स प्रवेशाशीच उभा केला होता. त्यावर बैलाचं डोकं माणसाहून मोठं झालं होतं, आणि त्याच्या जबड्याखालची चांदीच्या कड्याची मूठ नारळाएवढी. दुकानातल्या पोरांनी फोटो किती स्वच्छ आलाय म्हणून दिराची पाठ थोपटली. आबा रिक्षातून उतरले आणि आत जाता जाता फ्लेक्ससमोर थांबले. त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, परत लावला. मी बायकांच्या रांगेत बसून बघत होते. त्यांनी एकदा स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि आत येऊन पहिल्या रांगेत बसले. तिथून दिराकडे मात्र त्यांनी मान वळवून दोन-तीनदा पाहिलं.

प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आजी सरपंच बोलले, माजी सरपंच बोलले, शर्यत कमिटीचे एक गृहस्थ बैलाविषयी कमी आणि स्वतःच्या गाड्याविषयी जास्त बोलले. त्यांचं संपल्यावर आबा उठले आणि त्यांनी माईक मागितला. आबा कधी कुठे माईकवर बोललेले नाहीत. सूत्रसंचालन करणारा मास्तरही गोंधळला.

"चीर जुनी नव्हती," आबा म्हणाले. माईक तोंडाच्या फार जवळ होता, आवाज फाटत होता. "टेंपोतनं उतरवताना फळीत पाय गेला त्याचा. मी हुतो तिथं. पाय उचलत हुता, मी बघितलं. पोरगं कंपनीतनं आलं तवा बारी पुकारली हुती. समदं गाव बघत हुतं. जुंपू नको म्हनायचं माझ्या तोंडातनं निघालं न्हाई."

आबा माईक धरून तसेच उभे राहिले. माईकचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटच्या रांगेत उभा असलेला दीर खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला आणि त्याने माईक घ्यायला हात पुढे केला. आबांनी तो सोडला नाही. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू आलं.

"तू तर न्हाई उघाडला म्हनलास."

"व्हय."

"का रं?"

दिराने माईकच्या बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "समद्या गावाम्होरं ऐकून घेतलं की कसं लागतं ते मला ठावं झालं हुतं, आबा." आणि त्याने माईक बंद केला.